कंटेनर ऑफिस घेताय? रंग नंतर बघा, आधी पत्र्याच्या आत काय भरलंय ते विचारा

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांकडून वीस फुटी कंटेनरचं ऑफिस करून घेतलं. भुकूमला घरामागे मोकळी जागा होती, मी नि माझी धाकटी जाऊ दोघी मिळून जीएसटी-इन्कमटॅक्सची कामं करतो, घरात फायलींचे ढीग आणि क्लायंटची ये-जा काही केल्या जमेना म्हणून हा विचार केला. आता त्यात एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा काढलाय म्हणून लिहितेय, नवीन असताना सगळंच छान दिसतं. आमचं काम पण असं की मार्च एंडला ऊन तापायला लागलेलं असतं तेव्हा दिवसभर बसायचं आणि जुलैत रिटर्नची गर्दी तेव्हा बाहेर मुळशीकडचा धो धो पाऊस. खोलीचा कस ह्या दोन वेळी लागतो.

मुळात कंटेनर म्हणजे लोखंडी पेटी. पत्रा जेमतेम दोन मिलीमीटरचा, दुपारी तापला की हात लावता येत नाही आणि डिसेंबरात पहाटे गार पडतो. आत बसवेल की नाही हे सगळं त्या पत्र्याच्या आणि आतल्या प्लायच्या मधे काय घातलंय ह्यावर आहे, बाकी रंग, काचेचं दार, पाटी हे सगळं नंतरचं.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण भोसरीच्या आधी नगर रोडला एका ठिकाणी तयार केबिन बघितली होती. बाहेरून चकाचक, आत वॉलपेपर, फॉल्स सीलिंग, पिवळे लाइट, दोघीही खूश. जावेने सहज भिंतीवर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज. स्विचबोर्ड खोलून दाखवा म्हटलं, तर मागे थर्माकोलची पातळ शीट आणि तिच्या मागे दोन बोटं हवा सोडून थेट पत्रा. ती मधली हवा फार वाईट. थंडीत चार माणसं दारं बंद करून बसली आणि त्यांची दमट हवा गार पत्र्याला लागली की पाणी सुटतं, ते आतल्या आत ओघळतं, गंज धरतो, प्लाय फुगतो आणि वर्षभराने कुबट वास यायला लागतो जो कुठून येतोय ते कळतच नाही. तिथूनच परत फिरलो.

भोसरीवाल्यांकडे पहिल्या भेटीत रंगाचं कार्ड नाही दाखवलं, थेट यार्डात नेलं आणि म्हणाले, "ताई, आधी ही प्लेट वाचा, मग भावाचं बोलू." दारावर डाव्या बाजूला रिव्हेट केलेली धातूची पाटी असते, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा कराराप्रमाणे प्रत्येक डब्याला ती लागते, त्यावर कधी बनला, भरून जास्तीत जास्त किती वजन चालतं (आमच्यावर ३०४८० किलो आहे) हे सगळं. त्याच पाटीवर तळाच्या फळीला कुठलं औषध मारलंय ते पण लिहिलेलं असतं. हे मला नवीन होतं. कंटेनरच्या तळाला २८ मिलीमीटरचा जाड प्लाय असतो आणि जहाजातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून त्याला कीटकनाशक मुरवलेलं असतं. मालाला काही फरक पडत नाही पण आपण आठ-दहा तास बसणार. त्यांनी दोन पर्याय दिले, प्लाय काढून नवीन टाकू किंवा आहे त्यावर इपॉक्सीचे कोट मारून वर व्हिनाइल अंथरू. प्लाय ठणठणीत होता म्हणून आम्ही दुसरा घेतला, वास अजिबात नाही.

दारावरचा नंबरही त्यांनी समजावला, चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा आधीच्यांवरून हिशोबाने काढलेला, म्हणजे एक आकडा जरी चुकीचा टाइप झाला तरी बहुतेक वेळा पकडला जातो. आपल्या जीएसटी नंबरचं शेवटचं अक्षर असंच असतं, त्यामुळे आम्हा दोघींना तो नंबर भलताच आवडला आणि रंग देताना तेवढा भाग तसाच ठेवायला सांगितला.

मग आम्हाला आत उभं करून दोन्ही दारं लावून घेतली. मिट्ट काळोख. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे भोक, पाणी येणार. दुसऱ्या एका डब्यात छताच्या कोपऱ्यात असे ठिपके होते, तो त्यांनी स्वतःच बाजूला काढला. सेकंड हँड डबा घेणाऱ्यांनी एवढं तरी कराच, फुकट होतं.

आता कापाकापी. कंटेनरची सगळी ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत आणि त्या नागमोडी पत्र्यात असते. भरलेले डबे एकावर एक रचतात ते कोपऱ्यावर कोपरा ठेवून. पत्रा कापून मोठी खिडकी काढली की तिथली ताकद गेली, म्हणून कापलं की चारही बाजूंनी चौकोनी पाइपची फ्रेम वेल्डिंग करायलाच लागते. आमच्या दोन खिडक्या समोरासमोर आहेत, दोन्हींना जाड फ्रेम, आणि कापलेल्या कडांना आधी झिंक प्रायमर. कंटेनरचं स्टील कॉर्टेन म्हणतात ते, वरवर गंजतं आणि तोच थर आतल्या लोखंडाला सांभाळतो, पण ताजी कापलेली कड आणि पाणी साचणारी जागा ह्यांना ते लागू नाही. वेल्डर काका प्रत्येक जॉइंट घासून मगच प्रायमर मारत होते, मी मुद्दाम न सांगता एकदा गेले होते तेव्हा बघितलं.

आत पत्र्यावर थेट पफ (पॉलियुरेथेन) फोमचा फवारा, साधारण दोन इंच. तो पत्र्याला चिकटतो, मधे हवाच राहत नाही, म्हणून पाणी सुटायचा प्रश्न येत नाही. ह्याला पैसे लागतात, रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) स्वस्त पडलं असतं, आणि रॉकवूल पेटत नाही हा त्याचा मोठा गुण आहे. फोम पेटला तर धूर विषारी, म्हणून त्यावर नुसता पीव्हीसी पॅनेल लावून देणाऱ्यांपासून लांब रहा. ह्यांनी फोमवर सिमेंट बोर्ड लावला आणि मग लॅमिनेट. वायरिंग सगळं पाइपातून.

ह्या सगळ्यात जागा जाते हे आधी धरून चाला. वीस फुटी डबा आतून मुळात ७ फूट ८ इंच रुंद आणि ७ फूट १० इंच उंच, अस्तर झाल्यावर आमच्याकडे रुंदी सव्वासात फुटांच्या आसपास राहिली. लांबीला दोन टेबलं एकामागे एक बसतात, रुंदीला समोरासमोर नाही. छताचा पंखा विसरा, भिंतीवरचे लावा. चाळीस फुटी हाय क्यूब एक फूट जास्त उंच येतो पण तो आमच्या गल्लीत वळलाच नसता.

ज्याच्यासाठी ह्यांना मनापासून मार्क देईन ते म्हणजे वरचं दुसरं छप्पर. डब्याच्या छतापासून फूटभर वर कलर कोटेड पत्र्याचं उतरतं छप्पर, चारही बाजूंनी पुढे आलेलं, मधून वारा वाहतो. ऊन वरच्या पत्र्यावर पडतं आणि डबा दिवसभर सावलीत राहतो. त्याचे खांब चार कोपऱ्यांवरच वेल्ड केलेत, कारण डब्याचं छत पातळ असतं, मधे वजन टाकलं तर खोलगट होतं आणि तिथे पाणी साचतं. मे महिन्यात एक टनाचा एसी लावला की थोड्याच वेळात तो कट-ऑफ होतो, सकाळी अकरापर्यंत तर खिडक्या उघड्या ठेवूनच भागतं. आणि पाऊस! साध्या पत्र्याखाली जुलैत फोनवर बोलता येत नाही, इथे मुसळधार लागला तरी क्लायंटशी नीट बोलणं होतं. आवाज येतो, नाही असं नाही, पण लांबून आल्यासारखा.

लाइटचं एक सांगते, हे टाळू नका. अख्खी खोली लोखंडाची, कुठे एक वायर सोलली गेली तर सगळ्या भिंतींत करंट. डब्याला स्वतंत्र अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय आपोआप तोडणारा स्विच) हे दोन्ही हवंच. ह्यांच्या इलेक्ट्रिशियनने टेस्टचं बटण दाबून सप्लाय कट होतो ते दाखवलं, दर महिन्याला दाबा म्हणून सांगून गेला, जाऊ दर एक तारखेला दाबते.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. मोबाइलला रेंज येत नाही, दार लावलं की ओटीपी येत नाही, आणि आमचं अर्धं काम ओटीपीवर! लोखंड सिग्नल अडवतं हे ह्यांना माहीत असणारच, मग वायरिंग करतानाच नेटच्या केबलचा पाइप टाकायला हवा होता. नंतर भोक पाडून केबल आणली, राउटर आत ठेवला, आता वाय-फाय कॉलिंगवर चालतं, आणि काही बँकांचे ओटीपी अजून खिडकीत उभं राहून घ्यावे लागतात. दुसरं, कबूल केलेल्या तारखेपेक्षा बराच उशीर, आणि फोन केला की "ताई, उद्या नक्की". तिसरं, खिडकीच्या वर पाणी अडवायला पुढे आलेली पट्टी नव्हती, पहिल्याच वळवाच्या पावसात चौकटीतून ओल आली. कळवल्यावर माणूस आला, पट्टी लावून गेला, पैसे घेतले नाहीत.

बसवणं हा वेगळाच कार्यक्रम. रिकामा डबाच सव्वादोन टनांच्या आसपास, अस्तरासकट आणखी जड, हायड्रा क्रेन लागते. पौड रस्त्यावरून ट्रेलर आला पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या तारा खाली लोंबत होत्या, त्या आधीच बघून महावितरणच्या माणसाला बोलावून सप्लाय बंद करून घेतला होता म्हणून निभावलं. खाली चार कोपऱ्यांना काँक्रीटचे चौथरे, दीड फूट उंच, लेव्हलमधे. एखादा कोपरा जरा खाली राहिला तर डबा पिळतो आणि दारं लागत नाहीत. उंचीमुळे खालून पाणी वाहून जातं आणि तळही सुकतो.

सगळं मिळून सहा लाखांच्या थोडं आत, एसी, चौथरे आणि क्रेन वेगळे. टॉयलेट केलं नाही, घर शेजारीच आहे, तुमचं नसेल तर चाळीस फुटीच बघा. परवानगीचं आपापल्या ग्रामपंचायतीत नाहीतर पीएमआरडीएमधे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) विचारून घ्या, पाया नाही म्हणून परवानगी लागत नाही असं विकणारे सांगतात, त्यावर विसंबू नका. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा उशिराचा आणि त्या केबलच्या पाइपाचा कापला. ऑर्डर द्यायची असेल तर दिवाळीनंतर लगेच द्या, म्हणजे उशीर धरूनही छप्पर उन्हाळ्याआधी चढतं.