स्टॅफर्डशायर फिगर्स: तयार जोडी घ्यावी की सिंगल घेऊन जुळवावी?

इंग्लंडमधल्या न्यूअर्क किंवा आर्डिंग्लीच्या अँटिक फेअरला गेलात की पांढऱ्या ग्लेझचे (चकचकीत लेपाचे), गळ्यात सोनेरी साखळी आणि कुलूप असलेले मातीचे स्पॅनियल, म्हणजे लांब कानांचे कुत्रे, दिसतातच, एका टेबलावर जोडी आणि दोन टेबलं सोडून एकटाच, आणि एकट्याची किंमत जोडीच्या निम्म्याहूनही कमी. मग हिशोब सुरू होतो, दोन सिंगल घेऊन जुळवले तर? माझं मत आधीच सांगते, कुत्रे असतील तर बिनधास्त जुळवा, माणसांच्या फिगर्स असतील तर तयार जोडीच घ्या.

हा माल, म्हणजे स्टॅफर्डशायरच्या मातीच्या मूर्ती, बहुतेक १८४० ते १९०० मधला, तिथल्याच स्टोक-ऑन-ट्रेंटच्या पट्ट्यातला, बर्सलेम, हॅन्ली, लाँगटन वगैरे. फायरप्लेसच्या वर भिंतीला टेकून ठेवायचा म्हणून पाठ सपाट आणि रंगाशिवाय. बहुतेकांवर कारखान्याचं नाव नसतंच, त्यामुळे शिक्का बघून जोडी लावू असं कोणी म्हणत असेल तर विसरा. जोडी म्हणजे एक डावीकडे बघणारा आणि एक उजवीकडे, दोघांचे साचे वेगळे. एकाच दिशेला बघणारे दोन कितीही सारखे दिसले तरी जोडी नाही, आणि हे लिहावं लागतंय कारण ऑनलाइन लिलावात असे दोघे "जोडी" म्हणून सर्रास लावलेले असतात.

स्पॅनियल जुळवणं जमतं कारण ते प्रचंड संख्येने बनले आणि वर्षानुवर्षं बनत राहिले. व्हिक्टोरिया राणीचा लाडका कुत्रा डॅश याच जातीचा, त्यामुळे घरोघरी हौस. काहींवर आकाराचा नंबर दाबलेला असतो, १ सगळ्यात मोठा आणि ६ सगळ्यात छोटा, तो आधी बघायचा. उंचीत थोडा फरक चालतो, भट्टीत माती आक्रसते आणि प्रत्येक वेळी तेवढीच आक्रसेल असं नाही. नंतर पुढचे पाय बघा, काहींचा पाय अंगापासून सुटा असतो, काहींचा छातीला चिकटलेला, यांची गाठ घालायची नाही. पण खरी परीक्षा चेहऱ्याची. भुवईचा फटकारा, नाकाजवळचे मिशांचे ठिपके, डोळ्यातली बाहुली, हे सगळं हाताने रंगवलेलं आहे आणि रंगवणाऱ्याचा हात लपत नाही, दोन चेहरे शेजारी ठेवले की लगेच कळतं की हे एकाच बाकावर रंगले का नाही. त्यात सोनेरी रंगही बघायचा. जुना सोनेरी मऊसर, मधासारखा असतो, साधारण १८८० च्या दशकापासून आलेला झगझगीत असतो आणि पटकन घासून जातो. एक जुन्या सोन्याचा आणि एक झगझगीत असेल तर ते शेल्फवर कायम खटकत राहणार, स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

आता तयार जोडी. फायदा सरळ आहे, शोधाशोध नाही आणि विकताना चांगले पैसे येतात. पण जोडी म्हणून विकली म्हणजे ती भट्टीपासून एकत्र आहे असं धरू नका, कित्येक जोड्या डीलरनेच जुळवलेल्या असतात. चांगला डीलर विचारल्यावर स्पष्ट सांगतो आणि भाव त्याप्रमाणे लावतो. माझ्या मते जुळवलेली जोडी कमी दर्जाची अजिबात नाही, फक्त मूळ जोडीच्या भावाने घ्यायची नाही. लिलावात घेत असाल तर हातोड्याच्या किमतीवर (म्हणजे शेवटच्या बोलीवर) लिलावघराचं कमिशन आणि त्यावर व्हॅट धरूनच बोली लावा.

माणसांच्या फिगर्सचं गणित वेगळं. डिक टर्पिन आणि टॉम किंग, घोड्यावरचे दोघे दरोडेखोर, किंवा व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट, यांच्या एकेका विषयाचे कितीतरी साचे, उंच्या, नाव लिहायच्या पद्धती. तुमच्याकडे एक आला की नेमका त्याचाच जोडीदार त्याच उंचीत, त्याच अक्षरात मिळायला वर्षं जातात. बातमी गरम असेपर्यंत खपायच्या त्या वस्तू. १८५७ नंतर हॅवलॉक आणि कॉलिन कॅम्पबेल या इंग्रज सेनापतींच्या फिगर्स निघाल्या, हाच कॅम्पबेल डिसेंबर १८५७ मध्ये कानपूरला तात्या टोपेंविरुद्ध लढला. त्या इंग्रजांच्या घरात कौतुकाने मांडल्या जायच्या आणि आपण तात्यांच्या बाजूने इतिहास वाचलेला, म्हणून आपल्यापैकी कोणी या गोळा करत असेल तर मला फार महत्त्वाचं वाटतं. असा एखादा सिंगल मिळाला तर सिंगलच ठेवा, त्याला जोडीदाराची गरज नाही.

दोन्ही मार्गांत नकली मालाचा धोका आहे, पण सिंगल शोधताना जास्त, कारण "हाच हवा" अशी घाई झालेली असते. हातात घ्या. जुना माल साच्यात हाताने दाबून केलेला, त्यामुळे वजनदार आणि तळाला हवेसाठी बारीक भोक. हलका लागला, तळाला मोठं गोल भोक आणि अंगभर एकसारख्या रंगवलेल्या भेगा, तर ठेवून द्या. जुन्या फिगरवरूनच साचा काढून केलेली नक्कल असेल तर ती आक्रसून मूळापेक्षा छोटी येते, म्हणून टेप खिशात हवीच. आणि बर्सलेमच्या विल्यम केंट कारखान्याने जुने साचे १९६२ पर्यंत वापरले, तो माल फसवा नाही पण व्हिक्टोरियन स्पॅनियलचा जोडीदार म्हणून घेऊ नका. दुरुस्ती तपासायला छोटा यूव्ही (अतिनील) टॉर्च पुरतो, नवा रंग आणि फिलर (भेगा भरायचा लगदा) वेगळा चमकतो, मान आणि पुढचे पाय तिथे आधी मारा.

पहिलीच खरेदी असेल तर मधल्या नंबरचा, तांबूस ठिपक्यांचा, चेहरा चांगला असलेला एक स्पॅनियल घ्या, त्याचे समोरून, मागून आणि तळाचे फोटो मोजमापासकट फोनमध्ये ठेवा आणि जोडीदार शोधायला लागा. काळे किंवा कॉपर लस्टरचे (तांब्यासारख्या चकाकीचे) नंतर.