जुन्या मोटरहोमचा इंधन पंप : आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांत मी दोन पंप विकत घेतले. त्यातल्या पहिल्याची गरजच नव्हती. असाच त्रास असलेल्या कोणाचे तरी कष्ट वाचावेत म्हणून सविस्तर लिहितेय.

गाडी १९७० च्या दशकातली, आत झोपायची-राहायची सोय असलेली. कार्ब्युरेटरवालं (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) व्ही-८ इंजिन पुढे, पेट्रोलच्या दोन टाक्या मागे, एकीमागे एक, आणि इंजिनवर डायफ्रॅमचा, म्हणजे लवचीक पडद्याने पेट्रोल ओढणारा पंप. सकाळी गाडी झकास पळायची. दुपारच्या उन्हात लांब चढ लागला की गचके खायची, मग बंदच पडायची. अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू! मी सरळ इंजिनवरचा पंप बदलून मोकळी झाले. फरक काहीच पडला नाही.

दोष पंपाचा नव्हता, त्याच्या जागेचा होता. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. इंजिनवरचा पंप लांबलचक नळीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं. मग पंपाच्या हाती पेट्रोलऐवजी वाफ लागते. हाच व्हेपर लॉक. टाकीजवळचा पंप पेट्रोल ढकलतो, नळीत दाब राहतो आणि वाफ सहजासहजी धरत नाही.

म्हणून दुसरा पंप इलेक्ट्रिक घेतला आणि टाकीजवळ, तळाच्या पातळीला बसवला. निवडताना दाब आधी बघा. कार्ब्युरेटरला साधारण ५ ते ७ पीएसआय (दाबाचं एकक) पुरतात. फ्युएल इंजेक्शनचा पंप ४० किंवा त्याहून जास्त दाब देतो. तो लावला तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल वरून वाहतं, तेही तापलेल्या इंजिनवर. दुसरी गोष्ट पुरवठ्याची. माझी गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते, म्हणजे ताशी ८० ला तासाला जवळपास २३ लिटर. चढावर त्याहून बरंच जास्त लागतं, म्हणून तासाला शंभर लिटरच्या वरचा पंप घेतला.

एवढं करूनही गाडी अधूनमधून गचके देतच होती, पण फक्त मागच्या टाकीवर. दोन टाक्या असल्या की शोध सोपा होतो. दोन्हींवर त्रास असेल तर दोष टाकी निवडायच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या पुढे, इंजिनच्या बाजूला. एकीवरच असेल तर त्या टाकीची जाळी, होज नाहीतर हवेची नळी. झाकण उघडताना हवा आत खेचल्याचा आवाज आला, तर हवेची नळी तुंबलेली समजा. माझ्याकडे तो आवाज नव्हता. गाडीखाली शिरून पारदर्शक फिल्टरकडे बघत बसले, तर बारीक बुडबुड्यांची माळ चाललेली. टाकीवरच्या होजला क्लॅम्पखाली केसाएवढी चीर होती. बाहेर एक थेंब नाही, कारण पंप जिकडून ओढतो त्या बाजूची चीर पेट्रोल सांडत नाही, हवा पिते! सगळे होज इथेनॉलला टिकणारे घातले. बारीक फिल्टर पंपाच्या पुढे, कार्ब्युरेटरकडे हलवला. मागे फक्त जाड जाळीचा ठेवला, म्हणजे ओढ अडत नाही.

मग व्होल्टेज. पंप चालू असताना त्याच्याच टोकांवर मोजलं तर १०.४ भरलं, बॅटरीवर मात्र १३.८. चासीवरचं अर्थिंग गंजलेलं आणि वायर बारीक. अर्थिंगची जागा घासून चकचकीत केली, बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर आणि रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकला. पंपाचा आवाजच बदलला. रिलेला इंजिन ऑइलच्या दाबावर चालणारा ऑइल प्रेशर स्विच जोडलाय, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबतो. हा स्विच कृपा करून टाळू नका.

तक्रार एकच, गुणगुण. पंप नेमका पलंगाखाली येतो. रबरी बुशांवर बसवल्यावर आवाज निम्म्यावर आला, पण गेला नाही.

इंजिनवरचा पंप ठेवला असेल तर डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) अधूनमधून हुंगून बघा. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंगची वाट लागते. पुरवठ्याची चाचणीही सोपी आहे: कार्ब्युरेटरकडची नळी भांड्यात सोडा, अर्ध्या मिनिटात अर्धा लिटरच्या आसपास आलं पाहिजे. इंजिन गार असताना, ठिणगीपासून लांब, अग्निशामक हाताशी ठेवूनच करा.

सुरुवातीला काढून टाकलेला जुना पंप परवा टाकीजवळच्या नव्या पंपाला जोडीदार म्हणून परत लावून बघितला. चांगला होता. आता तो सुट्या भागांच्या पेटीत, गाडीतच असतो.