भिंतीवरचं लायसन बघून एजंटला पैसे देऊ नका (सांगली)

सांगली-मिरजेतनं गल्फला जायचं बघणाऱ्या पोरांनी हे वाचाच. माझा मावसभाऊ आयटीआय केलेला वेल्डर, कुपवाड एमआयडीसीत ठेकेदाराकडं कामाला, पगार कधी वेळेवर नाही, त्यात व्हॉट्सअपवर मेसेज आला की कतारला वेल्डर पाहिजेत, राहणं-जेवण फ्री, ऑफिस विश्रामबागला. ऑफिस एकदम चकाचक, भिंतीवर केंद्र सरकारचं लायसन फ्रेम करून लावलेलं. लायसन खरं होतं बरं का, पण मुंबईच्या भलत्याच कंपनीचं! विचारलं तर म्हणे आम्ही त्यांचे सब-एजंट. आता परदेशी भरतीत सब-एजंट हा प्रकार चालतच नाही, ज्याच्या नावाचं लायसन त्यानंच आणि मंजूर पत्त्यावरनंच भरती करायची.

वर त्याला सांगितलं काय, तर तू दहावी पास, तुझ्या पासपोर्टवर ईसीआर (कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, लागते असा शेरा) नाही, म्हणजे तुला ई-मायग्रेटची (परदेशी कामाला जाणाऱ्यांची केंद्र सरकारची साईट) भानगडच नाही. हे अर्धं खरं, म्हणून तर पोरं गप बसतात. क्लिअरन्स त्याला लागत नाही, पण एजंटला लायसन लागतंच की, 1983 च्या एमिग्रेशन कायद्यानं!

पैसे मागितले एक लाख दहा हजार. नियमानं एजंटला जास्तीत जास्त 30,000 आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, ते पण पावती देऊन. इथं काकांनी बेदाण्याचे आलेले साठ हजार दिले ते कुठल्यातरी बाईच्या पर्सनल खात्यावर गुगल पे केले, पावती मागितली तर 'काका विश्वास नाही का'. मेडिकल केलं मिरजेतल्या साध्या लॅबमध्ये. अहो कतारच्या कामाच्या व्हिसाचं मेडिकल आणि बोटांचे ठसे कतार व्हिसा सेंटरमध्ये होतात, आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईचं.

मग ऑफर लेटर आलं. कंपनी दोहाची, खाली गोल शिक्का वगैरे सगळं झकास, आणि पगार लिहिलाय दिरहममध्ये. कतारला रियाल चालतो, दिरहम दुबईला! दुबईचं जुनं लेटर काढून नुसतं गावाचं नाव बदललेलं. हे दाखवल्यावर साहेब म्हणतात टायपिंग मिस्टेक, आता व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कन्व्हर्ट करून देतो. असं कुणी म्हटलं की तिथनं उठायचं, कारण व्हिजिटवर काम करताना सापडला तर दंड आणि डिपोर्ट पोरगं होणार, एजंट नाही.

पैसे देण्याआधी ई-मायग्रेटच्या साईटवर एजंटचं नाव आणि पत्ता स्वतः बघा, लायसन चालू आहे का ते पण, आणि ओरिजिनल पासपोर्ट असल्या माणसाकडं ठेवू नका. ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, उशीर झाला की पैसे खात्यातनं पुढं सरकतात.

भावाचा पासपोर्ट त्यांच्याकडंच होता, पोलिसात लेखी अर्ज दिल्यावर तो तेवढा कुरिअरनं घरी आला. पैशाचं विचारलं की 'सर मीटिंगमध्ये आहेत'. आणि परवा त्याच नंबरवरनं सौदीला ड्रायव्हर पाहिजेतची जाहिरात फिरताना दिसली, तुमच्या ग्रुपवर आली असेल तर पुढं पाठवू नका.