टीव्हीखालचा सर्व्हर आणि ती हिरवी ढाल: ७ महिने वापरल्यानंतर

१९ तारखेला रात्री साडेदहाला बायको म्हणाली, "अरे, सर्व्हरवरनं कालची फाइल काढून दे ना." ती घरून चार-पाच जणांचे अकाउंट्स बघते, दुसऱ्या दिवशी २० तारीख म्हणजे ३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायचा शेवटचा दिवस, आणि घाईत तिने चालू एक्सेलवर भलतीच शीट सेव्ह केली होती. मी एकदम ऐटीत उठलो, तिच्या लॅपटॉपवरच्या फाइलींचा रोज बॅकअप व्हावा, याच दिवसासाठी तर मशीन घेतलंय ना! सर्व्हर टीव्हीलाच जोडलाय, त्याला कीबोर्ड लावून बॅकअपचा फोल्डर उघडला, तर शेवटची फाइल ४१ दिवसांपूर्वीची. पहाटे दोनपर्यंत तिने बँक स्टेटमेंट समोर ठेवून शीट परत उभी केली. मी दोनदा चहा केला, तेवढंच माझं योगदान.

तर मशीन. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड मिनी पीसी, आठव्या जनरेशनचा टी वाला (म्हणजे कमी वीज खाणारा) आय-फाइव्ह, १३,५०० ला, वर लिनक्स आणि ४ टीबीची डिस्क. बाकीचे स्पेक्स उगाळत बसत नाही. दिवसरात्र चालू राहून महिन्याला ८-९ युनिट खातो, पंख्याचा आवाज नाही, मे महिन्यात ठाण्यातल्या आमच्या मानपाड्याच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला लागून असून कधी तापला नाही. क्लाउडचं भाडं जन्मभर कोण भरणार, हा हिशोब करून घेतला होता आणि तो हिशोब आजही बरोबर वाटतो. मशीनला पैकीच्या पैकी. आता उरलेलं सगळं त्यावर चढवलेल्या व्हीपीएनबद्दल आहे, म्हणजे आपलं इंटरनेट एका कंपनीच्या सर्व्हरमधून लपवून नेणाऱ्या ॲपबद्दल.

व्हीपीएन का चढवला? कारण दिवाळी सेलमध्ये २ वर्षांचे पैसे एकदम भरले होते. पैसे भरलेत म्हटल्यावर फोन, टीव्ही, सर्व्हर, जिथे चढेल तिथे चढवला. सर्व्हरला गरज होती का? थोडे टोरेंट सोडले तर नव्हती. पण वापरला नाही तर पैसे वाया जातात असं मला वाटतं, बुफेमध्ये पोट भरल्यावरही मी तसंच करतो.

ॲप उघडलं की टीव्हीभर एक हिरवी ढाल येते आणि खाली "यू आर प्रोटेक्टेड". या ढालीबद्दल मला बरंच बोलायचंय. ४१ दिवस बॅकअप होत नव्हता तेव्हा ती हिरवी, आम्ही रात्री दोनला रडकुंडीला आलो तेव्हाही हिरवी. बायकोचा लॅपटॉप सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये हे कळल्यावर ती ढालीकडे बघून म्हणाली, "प्रोटेक्टेड कोणापासून? माझ्यापासून?" आणि नंतर कळलं की शब्दशः तेच चाललं होतं.

आधी मी सगळं चुकीचं तपासलं. केबल बदलली, राउटर तीनदा बंद-चालू केला, डिस्कची स्मार्ट टेस्ट (तब्येतीची तपासणी) लावली ती कित्येक तास चालून पास झाली. स्टेशनजवळच्या एका दुकानात फोन केला तर तो न बघताच म्हणाला, साहेब हार्डडिस्क जातेय, घेऊन या, बघायचे ८००. नेलं नाही. मला फसवलं ते खरं तर सिंकथिंगने (दोन यंत्रांतल्या फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्राम), म्हणजे दोष त्याचा नाही, तो बिचारा फारच गुणी निघाला. फोनमधले फोटो रोज सर्व्हरवर येत होते म्हणून मी निवांत, नेटवर्क ठीक आहे असं धरून चाललेलो. पण सिंकथिंगला घरातल्या घरात थेट रस्ता मिळाला नाही की तो इंटरनेटवरच्या रिलेमधून, म्हणजे मधल्या दुसऱ्याच सर्व्हरमधून जातो, आणि कनेक्शनच्या जागी बारीक अक्षरात "रिले" लिहितो, जे मी कधी वाचलंच नव्हतं. म्हणजे बेडरूममधला फोटो हॉलमध्ये यायला देशाबाहेर फिरून येत होता. कारण व्हीपीएनमध्ये "इंडिया" निवडलं तरी कंपनीचं मशीन बहुतेक सिंगापूर वगैरेला बसलेलं असतं, २०२२ मध्ये सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलले. मानपाडा ते मानपाडा व्हाया सिंगापूर, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला नावं ठेवणाऱ्या माणसाच्या घरात हे.

सुगावा लागला तो लाईट गेली म्हणून. शुक्रवारी मेंटेनन्सला गेली, तीनला आली, सर्व्हर आपोआप चालू झाला आणि बॅकअपच्या फोल्डरमध्ये एकदम १९ नव्या फाइली! मग परत शांत. बघितलं तर मशीन उठल्यावर व्हीपीएन जोडायला तीन-चार मिनिटं घेतो, तेवढ्याच वेळात लॅपटॉपने हात धुऊन घेतले होते.

मग नीट बसलो. बायकोच्या लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग (म्हणजे "आहेस का?" अशी हाक), उत्तर नाही. पण एआरपीची यादी, म्हणजे लॅपटॉपला नेटवर्कवर दिसणाऱ्या यंत्रांची यादी, उघडली तर त्यात सर्व्हरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) स्वच्छ दिसतोय. म्हणजे वायर ठीक, पोर्ट ठीक, मशीन जागं आहे, फक्त कोणीतरी त्याचं तोंड दाबून धरलंय. व्हीपीएन बंद केला, पिंग एका मिलीसेकंदात. चालू केला, मेला. ॲपमधला किल स्विच! व्हीपीएन तुटला तर एकही बाइट उघड्यावर जाऊ नये म्हणून असतो, कल्पना चांगली आहे, पण या ॲपची फायरवॉल शेजारच्या खोलीलाही "बाहेर" समजते. तो किल स्विच मीच चालू केला होता, हौसेने, किती दिवसांपूर्वी ते आता तुम्हीच सांगा. लोकल, म्हणजे घरातल्या नेटवर्कला परवानगी द्यायचं बटण आहे, सेटिंग्जमध्ये तीन पायऱ्या आत, मुळात बंद. सपोर्टच्या चॅटवर तीन वेगवेगळ्या माणसांनी मला ॲप परत इन्स्टॉल करायला सांगितलं, त्या बटणाचं नाव एकानेही काढलं नाही.

इथपर्यंत गुरुवारी लिहून ठेवलं होतं आणि शेवटी व्हीपीएनला एक स्टार देणार होतो. आज रविवार, मत थोडं बदललंय.

बटण दाबल्यावर दोन दिवस बॅकअप झाला, तिसऱ्या दिवशी परत नाही. ढाल हिरवीच. मी ॲपवर तोंडसुख घेतलं, पण या वेळी दोष त्याचा नव्हता. बायको वागळे इस्टेटमधल्या एका क्लायंटच्या ऑफिसला त्यांच्या व्हीपीएनने जोडते, आणि त्यांच्या नेटवर्कवरच्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे, आमचेही तसेच, निम्म्या जगाचं तेच असतं कारण राउटर डब्यातून तसाच येतो. तिने ऑफिस जोडलं की लॅपटॉप आमच्या सर्व्हरचा ५० नंबर (पत्त्यातला शेवटचा आकडा) त्यांच्या ऑफिसात शोधायचा. तिथे ५० नंबरला प्रिंटर आहे. आमचा बॅकअप दिवसभर वागळे इस्टेटच्या प्रिंटरचं दार वाजवत बसला होता.

उपाय सोपा, घरच्या पत्त्यांची रेंज बदलून १९२.१६८.७७ केली. सोपा म्हणजे लिहायला. प्रिंटर, दाराचा कॅमेरा, टीव्ही, सगळं परत लावण्यात अख्खा शनिवार गेला आणि कॅमेरा अजून रुसलेलाच आहे.

आणि या सगळ्यात एरर का दिसली नाही? कारण बॅकअप घेणारी स्क्रिप्ट मी लिहिलेली, रोबोकॉपी (विंडोजमधली फाइली कॉपी करायची कमांड) वापरून, आणि रोबोकॉपीला काही सांगितलं नाही तर तो अडलेल्या ठिकाणी १० लाख वेळा प्रयत्न करतो, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. गुणाकार केला, ३४७ दिवस होतात. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा) आपलं "रनिंग" दिसतंय, हिला वाटतंय चाललंय काहीतरी, रात्री लॅपटॉप बंद, सकाळी पहिल्यापासून तेच. आता ३ प्रयत्न, १० सेकंद, आणि अडलं तर तिच्या स्क्रीनवर भली मोठी लाल खिडकी. ती खिडकी मी मुद्दाम कुरूप ठेवलीय.

सध्या स्थिती अशी: रोज दुपारी दीडला बॅकअप, वायफायवरून ६ जीबी तीन-चार मिनिटांत. सिंकथिंगमध्ये "रिले" गेलंय. सर्व्हरवरचा व्हीपीएन पूर्ण काढला नाही, फक्त टोरेंटचा प्रोग्राम त्यातून जातो, बाकी मशीन मोकळं. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. व्हीपीएनला अडीच स्टार, त्यातला अर्धा प्रिंटरच्या प्रकरणात उगाच शिव्या दिल्या म्हणून.

पॅकेजचं अजून दीड वर्ष बाकी आहे, ते वसूल करणारच, पण ऑटो-रिन्यूअल काल बंद केलं. बंद करताना ॲपने तीनदा विचारलं की तुमचं संरक्षण जाईल, खात्री आहे का. तिन्ही वेळा हिनेच माझ्या हातातून माउस घेऊन यस दाबलं.