एसएसडीचं केसिंग झकास, पण सोबतची केबल आधी बदला

बेळगावात शहापूरला मित्राच्या फोटो स्टुडिओत रास्पबेरी पाय 4 या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर फाईल सर्व्हर चालवतोय, लग्नसराईत फोटो-व्हिडिओचा नुसता ढीग पडतो, त्यासाठी खडेबाजारातून हे अडीच इंची एसएसडीचं टाइप-सी केसिंग घेतलं. केसिंगबद्दल तक्रारच नाही. अॅल्युमिनियमची बॉडी, स्क्रू नीट बसतात, रात्रभर कॉपी चालली तरी कोमटच लागतं हाताला.

घोळ आहे तो केबलचा. निळ्या, म्हणजे यूएसबी 3 च्या पोर्टला लावूनसुद्धा स्पीड सेकंदाला 35-40 एमबीच्या वर जाईना, अहो पायचं गिगाबिट लॅनच 110 च्या आसपास देतंय की, मग डिस्कनंच अडवलं तर उपयोग काय? एलएसयूएसबी -टी ही कमांड मारली, ती यूएसबीला लावलेलं काय किती स्पीडनं जोडलंय ते दाखवते, तर 5000एम (सेकंदाला मेगाबिट, यूएसबी 3) च्या जागी 480एम, म्हणजे यूएसबी 2. नेटवर बरेच जण लगेच सांगतात, क्वर्क टाका (म्हणजे ड्राइव्हरला त्या डिस्कपुरती वेगळी सूचना द्या), यूएएस हा डिस्कशी बोलायचा वेगवान प्रकार बंद करा. ते ड्राइव्हरचं काम झालं, लिंकच 480 वर ठरली असेल तर त्यानं काडीचा फरक पडत नाही. यूएसबी 3 ला डेटाच्या जास्तीच्या दोन जोड्या असतात, पोर्ट आणि डिस्क त्यांच्यावरून एकमेकांशी जुळवून घेतात, ते जमलं नाही की गुपचूप जुन्या यूएसबी 2 च्या जोडीवर येतात. एरर नाही काही नाही, डिस्क दिसते, फाईली उघडतात, म्हणून लवकर कळतच नाही. प्लग हळूहळू सरकवत घातला तरी कधी कधी असं होतंय, जुन्या चार पिना आधी टेकतात ना, म्हणून एका दमात घालायचा.

इथं मात्र तसं नव्हतं. सोबतच्या केबलच्या प्लगमध्ये टॉर्च मारून बघा, पुढं चारच पिना, मागच्या पाच गायब! म्हणजे ही साधी यूएसबी 2 ची, मोबाईल चार्जिंगला देतात तसली केबल, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात 5 जीबीपीएस. ही सरळसरळ फसवणूक आहे आणि मला त्याचा खरंच राग आलाय.

दुकानदार काका आधी म्हणाले "कंपनी पॅक आहे ओ, तसंच येतंय". पण पाय सोबत नेला होता, काउंटरवरच चालू करून दाखवला, तर त्यांनीच आतून दुसरी आखूड जाड केबल काढून दिली, "लावून बघा की". लावली, डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, सुपरस्पीड (यूएसबी 3) आलं, रीड स्पीड 300 च्या वर. पैसे पण घेतले नाहीत.

आणखी एक, पाय 4 चे चारी यूएसबी पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच देतात, सोबत दुसरी हार्डडिस्क लावणार असाल तर वेगळ्या अॅडॉप्टरचा हब घ्या. आणि यूएसबी 3 जोरात चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय गडबडतं, तेव्हा लॅनच वापरा.

केसिंगला पाचपैकी साडेचार, केबलला शून्य. निपाणी-खानापूरकडून कोण घ्यायला येणार असेल तर पाय आणि अॅडॉप्टर पिशवीत टाकूनच या, काका चालू करून बघू देतात.