सांख्यिकी शिकवणारी पुस्तकं: सोयाबीनच्या पेरणीपासून हरभऱ्याच्या राशीपर्यंत वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो. गणित दहावीनंतर सुटलं असेल आणि सांख्यिकी खरोखर समजून घ्यायची असेल, तर फ्रीडमन, पिसानी आणि पर्व्ह्स या तिघांचं ‘स्टॅटिस्टिक्स’ घ्या. पुस्तक जाडजूड आहे, पहिली आवृत्ती 1978 ची आहे आणि इंग्रजीत आहे. तरी गेल्या काही महिन्यांत आलटून पालटून वाचलेल्या पुस्तकांपैकी माझ्या रोजच्या कामात उतरलं ते हेच.

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी खरेदी आणि नोंदींचं काम बघतो. शिक्षण बी.ए. सोयाबीनचा ओलावा, एका बॅग बियाण्याला पडलेला उतारा, मोंढ्यातले भाव असे आकडे दिवसभर हाताखालून जातात. त्या आकड्यांवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पीकविम्याच्या दिवसांत ते फार जाणवायचं, कारण तिथे महसूल मंडळाचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा, सरासरी उतारा बघतात. ‘भैया, माझं रान खरडून गेलं, मग मंडळाची सरासरी कशी काय भरली?’ असं शेतकरी विचारतो, तेव्हा त्याला नीट उत्तर देता यावं म्हणून मी ही पुस्तकं हाती घेतली.

सुरुवात बालभारतीपासून करा. दहावीच्या गणित भाग 1 मधली संभाव्यता आणि सांख्यिकी ही दोन प्रकरणं मराठीत आहेत, पीडीएफ फुकट मिळते, आणि मध्य (सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा), बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा) यांची हाताने आकडेमोड केली की पुढची भीती निम्मी जाते. मात्र ही प्रकरणं रीत शिकवतात. कोणता आकडा कधी फसवतो, हे तिथे नाही.

ते डॅरेल हफच्या ‘हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’मध्ये आहे. 1954 चं छोटं पुस्तक, दोन संध्याकाळीत संपतं. सरासरी म्हणून कोणता आकडा पुढे करायचा याची निवड सांगणाऱ्याच्या हातात असते, हे त्यात फार स्वच्छ कळतं. पुढे हाच लेखक तंबाखू उद्योगाच्या बाजूने अमेरिकी संसदेपुढे साक्ष द्यायला गेला, हे कळल्यावर मला वाईट वाटलं, पण पुस्तकातल्या गोष्टी त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. फक्त एवढंच वाचून थांबलात तर प्रत्येक आकड्यावर संशय घ्यायची सवय लागते आणि खरा आकडा ओळखायचा कसा ते कळत नाही.

चार्ल्स व्हीलनचं ‘नेकेड स्टॅटिस्टिक्स’ (2013) ओघवतं आहे, पण अमेरिकी खेळांचे दाखले आपल्याला परके वाटतात. गॉनिक आणि स्मिथ यांच्या ‘द कार्टून गाइड टू स्टॅटिस्टिक्स’ या चित्रमय पुस्तकाचा पहिला भाग सुरेख आहे, पुढे वेग एकदम वाढतो. डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांचं ‘द आर्ट ऑफ स्टॅटिस्टिक्स’ (2019) विचाराने सगळ्यांत समृद्ध. आधी प्रश्न नीट ठरवा, मग मोजायचं काय ते ठरवा, हा त्यांचा आग्रह मला पूर्ण पटतो. पण त्यात सराव नाही. वाचताना सगळं कळतं, आणि पुस्तक मिटल्यावर कागदावर काही करता येत नाही.

आता फ्रीडमनकडे येतो. या पुस्तकात सूत्रं फार कमी आणि खऱ्या घटना भरपूर आहेत. 1936 च्या अमेरिकी निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने 1 कोटी लोकांना पत्रं पाठवली, 24 लाख उत्तरं आली आणि दोन मुख्य पक्षांच्या मतांपैकी रूझवेल्ट यांना 43 टक्के मिळतील असा अंदाज निघाला. मिळाली 62 टक्के. नावं टेलिफोनच्या याद्या आणि क्लबांच्या सदस्ययाद्यांतून घेतलेली, म्हणजे गरीब माणूस यादीतच नव्हता. हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या गोदामातली पद्धत डोळ्यांत खुपली. ओलाव्याचा नमुना दारापाशी असलेल्या, हाताला येतील त्या कट्ट्यांतून घेतला जायचा. आता पावतीवरच्या क्रमांकांतून चिठ्ठ्या काढून कट्टे निवडतो आणि नमुना काढायची नळी तळापर्यंत खुपसतो. हमीभावाच्या खरेदीत 12 टक्के ओलाव्याची अट असते, तेव्हा एका टक्क्याचा फरकही शेतकऱ्याला भारी पडतो.

या पुस्तकाचा कणा म्हणजे पेटीतल्या चिठ्ठ्या. प्रत्येक आकडा एका चिठ्ठीवर आहे असं समजायचं, डोळे झाकून काही चिठ्ठ्या काढायच्या आणि त्यांची सरासरी किती हलते ते पाहायचं. मी हे शब्दशः केलं. जुन्या नोंदींतले ओलाव्याचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकले. प्रत्येक चिठ्ठी परत डब्यात टाकत 10 आकडे काढले, सरासरी लिहिली, पुन्हा काढले. मग 10 च्या जागी 40. सरासरीचं हेलकावणं साधारण निम्म्यावर आलं. नमुना चौपट केला तर चूक निम्मी होते, हा नियम मी पाठ केलेला नाही, माझ्या वहीत उतरताना पाहिलेला आहे. नमुना नीट काढलेला असेल तर ज्यातून तो काढला तो गठ्ठा किती मोठा आहे याला फारसं महत्त्व नसतं, हेही तिथेच पटलं.

विम्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळालं. पीक कापणी प्रयोगासाठी, म्हणजे निवडक शेतांतल्या ठरावीक तुकड्यातलं पीक कापून उतारा मोजण्यासाठी, शेतं यादृच्छिक क्रमांकांनी निवडतात आणि त्यांतून अंदाज निघतो तो मंडळाचा. एका माणसाच्या रानाबद्दल तो काही बोलतच नाही. शेतकऱ्याचं म्हणणं खरं आणि सरासरीही बरोबर, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. हे मी आता त्याच्यासमोर कागदावर आकडे मांडून दाखवतो. त्याचं नुकसान भरून येत नाही, पण भांडायचं कशासाठी ते त्याला कळतं: विम्यासाठी मंडळापेक्षा लहान घटक धरावा यासाठी.

आणखी एक प्रकरण सोडू नका, सरासरीकडे परतण्याचं. एका वर्षी सगळ्यांत खराब गेलेल्या रानांत पुढच्या वर्षी आपोआपच काहीसा बरा उतारा येतो. अशीच रानं निवडून त्यांत आपलं औषध देणारे विक्रेते आमच्याकडे येतात आणि वाढलेला उतारा दाखवतात. आता मी त्यांना एकच विचारतो, तशाच खराब पण औषध न दिलेल्या रानांचे आकडे कुठे आहेत?

उणिवा आहेतच. पुस्तकात संगणकाचं काही नाही. परिकल्पना, म्हणजे आधी गृहीत धरलेलं विधान, तपासण्याची शेवटची प्रकरणं मला दोनदा वाचावी लागली आणि काय-वर्ग चाचणी (अपेक्षित आणि प्रत्यक्ष मोजणीतला फरक योगायोगाचा आहे का ते बघण्याची रीत) अजून पुरती बसलेली नाही. इंग्रजी साधी आहे, तरी पहिल्या महिन्यात शब्दकोश जवळ ठेवा. चौथी आवृत्ती 2007 ची आहे. जुनी प्रत स्वस्तात मिळाली तरी चालेल, मूळ मांडणी तीच आहे. सरावाची उत्तरं मागच्या पानांत दिलेली आहेत, त्यामुळे शिकवणीशिवाय एकट्याने करता येतं. रोज दोन-तीन उदाहरणं केली तरी पुरे, पण पेन हातात घेऊन.