वक्तृत्वासाठी विषय : रासायनिक शस्त्रबंदी की अण्वस्त्रबंदी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीची भाची विचारते, मामा, कोणता विषय घेऊ?

करार पाहू. रासायनिक शस्त्रबंदी १९९७ पासून लागू, १९३ देश सामील, तपासनीस थेट कारखान्यात जातात. भारतानं २००९मध्ये, अमेरिकेनं २०२३मध्ये जाहीर साठा संपवला. तरी सीरियात सरीन हे जीवघेणं विषारी रसायन वापरलं गेलंच. अण्वस्त्रं मात्र अजून सुमारे १२ हजार. २०२१ पासून लागू झालेला अण्वस्त्रबंदी करार एकाही अण्वस्त्रधारी देशानं स्वीकारलेला नाही.

आपल्याशी नातं? सरीन आणि कपाशीवरची काही कीटकनाशकं ऑरगॅनोफॉस्फेट नावाच्या एकाच रासायनिक कुळातली, दोन्ही मज्जासंस्थेवरच घाव घालतात. २०१७ची फवारणीची विषबाधा आठव, बाई. यवतमाळ ती विसरलेलं नाही.

गावातल्या सभेत बोलायचं तर रासायनिकच घे. जिल्ह्याच्या फेरीत परीक्षक उलटे प्रश्न विचारणार असतील आणि वाचायला महिना असेल, तर अण्वस्त्रं.